निरोप आधी मोजा, रेडिओ मग निवडा

"एक किलोमीटर जाईल असं स्वस्तातलं वायरलेस मॉड्यूल कोणतं?" इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट-लॅबमध्ये हा प्रश्न रोज विचारला जातो. प्रश्न साधा वाटतो, पण 'चार माणसांना पुरेल असं भांडं द्या' म्हटलं तर भांडीवाला आधी विचारेल, भातासाठी की चहासाठी? रेडिओचंही तसंच आहे. वेष्टनावर छापलेलं अंतर हे मोकळ्या मैदानात, समोर काहीही आड नसताना, सगळ्यात संथ वेगानं मोजलेलं असतं. तुमच्या कामात मैदान नसतं, वेग हवा असतो आणि बॅटरी छोटी असते. अंतर, वेग आणि बॅटरीचं आयुष्य एकाच पैशातून भागवायचं असतं; एका खात्यावर जास्त खर्च केला की दुसऱ्या खात्यात तूट येते. म्हणून रेडिओ निवडायची सुरुवात रेडिओपासून करू नये. आधी निरोप मोजावा. या प्रकरणात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून हा हिशोब करू: उसाच्या शेतात मातीतला ओलावा मोजणारं एक यंत्र, आणि तिथून एक किलोमीटरवरचं घर.

१. निरोपाचं वजन

यंत्राला सांगायचंय ते किती? ओलावा टक्क्यांत, म्हणजे ० ते १०० मधली एक संख्या. एका बाइटमध्ये ० ते २५५ पर्यंतची कोणतीही संख्या मावते, तेव्हा ओलाव्याला एक बाइट पुरतो. मातीचं तापमान दशांशासकट हवं, त्याला दोन. बॅटरी किती उरली यासाठी एक, आणि 'मी अमुक क्रमांकाचं यंत्र बोलतोय' हे सांगायला दोन. एकूण सहा बाइट. पाकिटावरचा पत्ता आणि निरोप वाटेत बिघडला का हे तपासायचे आकडे धरले तरी वीस बाइटांत काम होतं. हाच निरोप प्रत्येक आकड्याचं नाव, अवतरणचिन्हं आणि कंस घालून मजकूर म्हणून पाठवला, तर सहज सत्तर-ऐंशी बाइट होतात. शिकताना तसं पाठवणं सोयीचं असतं, कारण पडद्यावर वाचता येतं. पण प्रत्येक जादा बाइटाची किंमत बॅटरी मोजते, हे पुढे दिसेलच.

वजनाइतकंच महत्त्व आणखी तीन गोष्टींना आहे: निरोप किती वेळा जायचा, एकाच दिशेनं जायचा की उलट आज्ञाही यायची, आणि पोचायला किती उशीर चालेल. आपण दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला १४४ निरोप धरू. याच शेतातून कोणाला रोज पिकाचा फोटो हवा असेल तर गणितच बदलतं. साधारण १०० किलोबाइटचा फोटो म्हणजे आठ लाख बिट. सेकंदाला २५० बिट या संथ वेगानं तो धाडायला ३,२०० सेकंद, म्हणजे जवळपास ५३ मिनिटं लागतील. अंतर तेच, शेत तेच, पण वीस बाइटांसाठी उत्तम असलेला रेडिओ फोटोसाठी निरुपयोगी ठरतो. 'एक किलोमीटर' एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही ते यामुळेच.

२. लांबवलेली हाक

बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना आपण भराभर बोलत नाही. नाव उच्चारतो आणि शेवटचा स्वर लांबवतो. आवाजाची ताकद तेवढीच असते, पण स्वर लांबल्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानाला तो वाऱ्याच्या आणि पाखरांच्या कलकलाटातून वेचून काढायला वेळ मिळतो. रेडिओतही हेच घडतं. एका बिटाला जितका जास्त वेळ द्याल, तितकी त्या बिटामागची ऊर्जा वाढते आणि तितक्या क्षीण संकेतातूनही तो ओळखता येतो.

हे आकड्यांत पाहायला डेसिबल हे माप लागतं. त्याची भीती नको: १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट, आणि ३ म्हणजे साधारण दुप्पट. एक मिलिवॅट शक्तीला शून्य मानलं की त्याखालचे आकडे उणे होतात. सेकंदाला अडीच लाख बिट या आपल्या सर्वात संथ वेगावर एनआरएफ२४एल०१ प्लस ही लोकप्रिय चिप उणे ९४ पर्यंतचा संकेत ऐकू शकते. सेमटेक कंपनीची एसएक्स१२७६ ही लोरा चिप तिच्या संथ पद्धतीत उणे १३६ पर्यंत ऐकते. फरक ४२ डेसिबलचा, म्हणजे लोराचा कान जवळपास सोळा हजारपट तीक्ष्ण. मात्र तेव्हा लोराचा वेग सेकंदाला जेमतेम अडीचशे-तीनशे बिट असतो. हाक लांब पोचली, पण गप्पा मारता येत नाहीत.

लोरा हे तंत्र फ्रान्समधल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीचं. सेमटेकनं ती २०१२ मध्ये विकत घेतली. यात माहिती एका स्थिर सुरावर बसवत नाहीत. सूर खालून वर घसरत नेतात, गायक मींड घेतो तसा. गोंगाटात एखादा सुटा सूर हरवतो, पण संपूर्ण मींड कुठून सुरू झाली हे सरावलेल्या कानाला कळतं. ही मींड किती लांब घ्यायची हे स्प्रेडिंग फॅक्टर नावाच्या आकड्यानं ठरतं. तो ७ ते १२ असतो, आणि प्रत्येक पायरीला मींडीची लांबी दुप्पट होते. आपला वीस बाइटांचा निरोप १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात फॅक्टर ७ वर ५७ मिलिसेकंदांत संपतो; फॅक्टर १२ वर त्याला १.३२ सेकंद लागतात. म्हणजे तेवीसपट वेळ. त्याबदल्यात मिळालं काय? कान उणे १२३ वरून उणे १३६ वर गेला, म्हणजे तेरा डेसिबल, साधारण वीसपट. वीसपट तीक्ष्ण ऐकू येण्यासाठी तेवीसपट वेळ बोलावं लागलं. यात जादू कुठेच नाही; अंतर विकत घेतलं आणि किंमत वेळेत, पर्यायानं बॅटरीत मोजली.

३. शिदोरीचा हिशोब

आता ही किंमत प्रत्यक्ष काढू. शिदोरी म्हणून २,५०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल घेऊ. पहिला उमेदवार वाय-फायचा: ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२. ही चिप प्रक्षेपण करताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर खेचते. जागं होणं, राउटरला ओळख पटवणं, पत्ता मिळवणं आणि निरोप धाडणं यांत चार सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरू. म्हणजे एका निरोपाला ४०० मिलिअँपिअर-सेकंद, अर्थात ०.११ मिलिअँपिअर-तास. दिवसाच्या १४४ निरोपांना १६, आणि झोपेतला किरकोळ खर्च अर्धा. रोजचे साडेसोळा; सेल १५० दिवस टिकेल. गंमत म्हणजे या चार सेकंदांतला बहुतेक वेळ ओळखपाळख करण्यात जातो, खरा निरोप क्षणार्धात जातो. म्हणूनच त्याच चिपवर ईएसपी-नाऊ ही पद्धत वापरली, जिच्यात राउटरशी जोडणीच करायची नसते, तर खर्च बराच खाली येतो.

दुसरा उमेदवार लोरा. पूर्ण ताकदीनं, म्हणजे १०० मिलिवॅटवर बोलताना एसएक्स१२७६ साधारण १२० मिलिअँपिअर घेते. म्हणजे ती वाय-फायपेक्षा फार कमी खाते असं नाही. फरक वेळेचा आहे. फॅक्टर ७ वर ५७ मिलिसेकंदांचे ७ मिलिअँपिअर-सेकंद, त्यात मातीचा ओलावा मोजण्याचे १० धरले तर एका निरोपाला १७. झोपेतले १० मायक्रोअँपिअर धरून दिवसाचा खर्च ०.९२ मिलिअँपिअर-तास. कागदावर सेल सात वर्षं चालतो. तोवर तो स्वतःच म्हातारा होईल. पण हेच मॉड्यूल फॅक्टर १२ वर ठेवलं तर रोजचे ७ मिलिअँपिअर-तास लागतात आणि सेल वर्षभरही पुरत नाही. मॉड्यूल तेच, शेत तेच. सेटिंगचा एक आकडा बदलला आणि सात वर्षांचं एक झालं. निरोप ऐंशी बाइटांचा असेल तर १.३२ सेकंदांचे ३.२९ होतात, मग तेवढंही नाही.

या हिशोबातला सगळ्यात मोठा चोर मात्र रेडिओ नाहीच. शिकण्यासाठी मिळणाऱ्या बऱ्याच बोर्डांवर यूएसबीच्या ५ व्होल्टचे ३.३ करणारा तीन पायांचा १११७ जातीचा रेग्युलेटर असतो. काहीही काम न करता तो स्वतःच साधारण ५ मिलिअँपिअर खातो. दिवसाचे १२०. चिपला कितीही गाढ झोपवा, या एका तुकड्यापायी सेल एकवीस दिवसांत संपतो. त्याच्या शेजारी चोवीस तास जळणारा लाल दिवा आणखी थोडं खातो. 'लोरा घेतलं तरी बॅटरी महिनाभरसुद्धा टिकत नाही' ही तक्रार अनेकदा इथली असते. बॅटरीवर चालवायचं असेल तर सुटं मॉड्यूल घ्यावं आणि काही मायक्रोअँपिअरवर भागणारा रेग्युलेटर लावावा.

४. लहरीची वाट

लहर कोणत्या वारंवारतेची, यावर ती वाट कशी काढते ते ठरतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ८६६ मेगाहर्ट्झची साधारण ३४.६. बाकी सगळं सारखं असेल तर मोकळ्यावर दुसरी पावणेतीनपट लांब पोचते. शेतात तर फरक आणखी वाढतो, कारण हिरवं पान म्हणजे पाणी, आणि पानांच्या दाटीतून जाताना आखूड लहर लवकर दमते. म्हणून उसासाठी २.४ गिगाहर्ट्झची मॉड्यूलं बाजूला ठेवावीत. घरात, वर्गात, टेबलावर मात्र तीच सोयीची: ब्लूटूथ मोबाइलशी थेट बोलतं, झिगबी खोल्याखोल्यांतल्या उपकरणांची साखळी करतं, आणि एनआरएफ२४ रिमोटच्या गाडीला पुरेसा चपळ आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. रेडिओची वाट दोन अँटेनांमधल्या ताणलेल्या दोऱ्यासारखी नसते. ती काकडीसारखी असते, टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. एक किलोमीटर अंतर आणि ८६६ मेगाहर्ट्झ असेल तर मध्यावर या काकडीची त्रिज्या नऊ मीटरांवर जाते. म्हणजे 'समोरचं घर स्पष्ट दिसतंय' एवढं पुरेसं नाही. जमीन, बांधावरची झाडं आणि तीन मीटर वाढलेला ऊस ही काकडी खालून कुरतडत असतात. लागण केली तेव्हा नीट चालणारं यंत्र सहा महिन्यांनी मुकं होतं, तेव्हा बिघाड मॉड्यूलमध्ये शोधण्याआधी उसाची उंची पाहावी.

अँटेनाची लांबीही लहरीशी बांधलेली आहे. साध्या उभ्या तारेची लांबी लहरीच्या पाव हवी: ८६६ साठी साडेआठ सेंटिमीटरच्या थोडी वर, ४३३ साठी सतरा. दुकानात दोन्हींच्या स्प्रिंगा एकाच डब्यात असतात आणि चुकीची डागली तरी टेबलावर सगळं चालतं; फसवणूक शेतात गेल्यावर कळते. अँटेना न लावता प्रक्षेपण तर करूच नये, कारण बाहेर न पडलेली शक्ती परतून चिपलाच इजा करू शकते.

आणि लहर निवडताना कायदाही पाहावा लागतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. प्रक्षेपणाची मर्यादा १ वॅट. ४३३ च्या आसपासची सवलत मात्र फक्त १० मिलिवॅटची आहे, आणि त्या पट्ट्यासाठी विकलं जाणारं लोरा मॉड्यूल त्याच्या दहापट ताकदीनं बोलू शकतं. ते सेटिंगमध्ये उतरवणं आपली जबाबदारी. ९१५ लिहिलेली मॉड्यूलं अमेरिकेतल्या पट्ट्यासाठी असतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, तेव्हा ती घेऊच नयेत. विक्रीसाठी वस्तू बनवणाऱ्याला पट्टा परवानामुक्त असला तरी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मान्यता लागते.

५. ऐकत बसण्याची किंमत

आतापर्यंत शेतानं बोलायचं आणि घरानं ऐकायचं होतं. आता घरून विहिरीवरची मोटर चालू करायची म्हटली तर काय बदलतं? आज्ञा कधी येईल ते माहीत नसल्यानं विहिरीवरच्या रेडिओला सतत कान उघडे ठेवावे लागतात. ऐकताना लोरा चिप साधारण ११ मिलिअँपिअर घेते. बोलण्यापेक्षा हे फारच कमी, पण बोलणं क्षणाचं असतं आणि ऐकणं चोवीस तासांचं. दिवसाचे २६४ मिलिअँपिअर-तास. आपला सेल साडेनऊ दिवसांत रिकामा. रेडिओत महाग काय, तर वाट पाहणं.

मोटरीच्या बाबतीत सुटका सोपी आहे, कारण स्टार्टरच्या पेटीत वीज असतेच, आणि वीज नसेल तेव्हा आज्ञा ऐकूनही मोटर फिरणार नाही. अशा ठिकाणी बॅटरीचा विचार सोडून द्यावा. जिथे वीज नाही, तिथे यंत्रानं स्वतःच ठरावीक वेळी जागं होऊन 'काही निरोप आहे का?' असं विचारावं आणि पुन्हा झोपावं. दहा मिनिटांचा उशीर चालत असेल तर ही रीत पुरते. म्हणूनच 'उशीर किती चालेल' हा प्रश्न सुरुवातीला विचारला होता. मोटरीच्या आज्ञेबाबत आणखी एक सावधगिरी: उघडा लोरा निरोप कोणीही टिपून पुन्हा वाजवू शकतो. ओलाव्याचा आकडा चोरून कोणी फारसं काही करणार नाही, पण 'मोटर चालू' ही आज्ञा सांकेतिक केलेली आणि दर वेळी बदलणारा क्रमांक घातलेली असावी.

६. मग सरळ सिमकार्ड का नको?

हा आक्षेप रास्त आहे. टॉवर जवळ आहे, डेटा स्वस्त आहे, अंतराची चिंताच नको. पण २जीवर चालणारं सिम८०० एल हे स्वस्त मॉड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत झटके घेतं. स्पीकरजवळ मोबाइल ठेवला की येणारा 'टर्र-टर्र' आवाज या झटक्यांचाच. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट एवढ्याच अरुंद पट्टीत पुरवठा हवा; तार बारीक असली की झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू झालं, तिथे २जी मॉड्यूल मुकंच. एकच यंत्र असेल, तेही दूरच्या गावी, तर सिमला पर्याय नाही. पण शेतात वीस यंत्रं असतील तर वीस सिम आणि वीस रिचार्ज कशाला? वीस लोरा यंत्रं एका घराशी बोलतील, आणि घरातलं एकच उपकरण विजेवर चालत वाय-फायनं पुढे जगाशी बोलेल. दोन रेडिओ, दोघांना आपापलं काम.

दुसरा आक्षेप: एवढा हिशोब कशाला, जास्त ताकदीचं मॉड्यूल घेऊन मोकळं व्हावं. ताकद दहापट केली तर मोकळ्या जागी अंतर सव्वातीनपटही होत नाही, आणि जमिनीलगत, जिथे जमिनीवरून परतलेली लहर मूळ लहरीला मारते, तिथे ते पावणेदोनपटीवरच अडतं. शिवाय ताकद पुरवायची कुठून? एनआरएफ२४ चं लांब पल्ल्याचं, अँटेना जोडलेलं मॉड्यूल प्रक्षेपणात ११५ मिलिअँपिअर मागतं, आणि अर्डुइनो उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० देते. मग निरोप गळतात आणि दोष मॉड्यूलवर जातो. ताकदीचं मॉड्यूल घेतलं म्हणजे ताकद मिळाली असं होत नाही.

७. पाइपाचा तुकडा

आता उसातल्या यंत्राकडे परत येऊ. वीस बाइट, एकाच दिशेनं, दहा मिनिटांनी, वीज नाही, एक किलोमीटर, मध्ये ऊस. उत्तर जवळजवळ आपोआप येतं: ८६५-८६८ पट्ट्यातलं लोरा मॉड्यूल. पण खरेदी इथे संपली तरी निवड संपत नाही. समजा अँटेना पेटीवरच, जमिनीपासून दीड मीटरवर ठेवली. ऊस वाढला, निरोप गळू लागले, आणि फॅक्टर १२ केल्यावर ते पुन्हा पोचू लागले. वरच्या हिशोबानं सेल वर्षभरही चालणार नाही. आता तीच अँटेना जीआय पाइपावर साडेतीन मीटरवर नेली, तर सपाट जमिनीच्या नियमानं सात डेसिबलहून थोडा जास्त फायदा होतो; उसाच्या पात्यांतून सुटका झाली तो वेगळाच. फॅक्टर १२ वरून ९ वर यायला सात डेसिबलच लागतात. फॅक्टर ९ वर निरोप १८५ मिलिसेकंदांत संपतो, आणि सेल वर्षाऐवजी साडेचार वर्षं पुरतो.

मॉड्यूल बदललं नाही, ताकद वाढवली नाही, बॅटरी तीच. दोन मीटर पाइपानं साडेतीन वर्षं मिळवून दिली, आणि हे कुठल्याही वेष्टनावर छापलेलं नसतं. म्हणून दुकानात 'किती लांब जातं?' विचारण्याआधी कागदावर पाच ओळी लिहाव्यात: निरोप किती बाइटांचा, किती वेळा, कोणत्या दिशेनं, किती उशीर चालेल, आणि वीज कुठून येणार. त्या लिहून झाल्यावर बहुतेक मॉड्यूलं आपणहून यादीतून गळतात. जे उरतं त्याची अँटेना कुठे उभी करायची, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो.